दादाभाईंच्या निवडणुकीचा खर्च

गेली तीन वर्षे मी आपल्या मंडळाच्या जमाखर्चाची वही सांभाळतो आहे. गेल्या गणेशोत्सवाच्या वेळी एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली आणि जाता जाता, मंचावरून दहा मिनिटे बोलायला मिळावे अशी इच्छाही बोलून दाखवली. कार्यकारिणीत त्यावर दोन तास चर्चा झाली. कोणी म्हणाले, "पैसा पैसा असतो, गणपतीला काय फरक पडतो?" कोणी म्हणाले, "आज दहा मिनिटे, उद्या अर्धा तास." शेवटी आपण ती रक्कम घेतली नाही आणि महाप्रसादात एक पदार्थ कमी झाला. सभासदांना हे आठवत असेलच.

त्या चर्चेनंतर काही दिवसांनी, एका बुधवारी दुपारी, ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमध्ये विनामूल्य होणाऱ्या मध्यान्हीच्या मैफिलीला गेलो होतो. संगीत सुरू व्हायला वेळ होता. बसल्या बसल्या आठवले, की १९०४ सालच्या ऑगस्टमध्ये याच इमारतीत एक पांढऱ्या दाढीचा पारशी गृहस्थ हिंदुस्थानच्या वतीने बोलायला उभा राहिला होता. नाव दादाभाई नौरोजी. वय एकोणऐंशीला एक महिना कमी. आणि मनात आले, की देणगीचा जो प्रश्न आपण दोन तास घोळवला, तोच प्रश्न या माणसाच्या आयुष्यात केवढ्या मोठ्या प्रमाणावर आला होता! ब्रिटिश पार्लमेंटात बसलेला हा पहिला हिंदी माणूस. त्याला तिथवर पोचवायला पैसा कोणी दिला? तो तिथे कोणाच्या बाजूने उभा राहिला? आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध होता? या लेखात तेवढेच पाहायचे आहे.

खडकहून फिन्सबरीपर्यंत

आपल्यापैकी जे मुंबईचे आहेत, त्यांनी फोर्टातल्या डी. एन. रोडवरून शेकडो वेळा ये-जा केली असेल. त्या रस्त्याच्या टोकाला, फ्लोरा फाउंटनजवळ, दादाभाईंचा पुतळा आहे. आम्ही कॉलेजात असताना त्या पुतळ्याजवळ भेटायचे ठरवत असू. पण 'डी. एन.' म्हणजे कोण, हे विचारायची आवश्यकता कधी वाटली नाही.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा, मुंबईच्या गरीब पारशी पुरोहित कुटुंबातला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले आणि आई माणेकबाईंनी त्यांना वाढवले. शिक्षण झाले ते फी न घेणाऱ्या शाळेत. ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यात त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली आहे. आपले शिक्षण लोकांच्या पैशाने झाले, तेव्हा ते लोकांना परत केले पाहिजे, असे ते स्वतःच सांगत. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या जागेवर हिंदी माणूस बसण्याची ती पहिलीच वेळ होती. १८४९ पासून त्यांच्या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, पारशी मुलींसाठी तशाच मराठी मुलींसाठीही. हे तरुण प्राध्यापक तिथे बिनपगारी शिकवीत.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. तिच्या व्यापारात अफू आणि दारूही आहे, हे त्यांना रुचले नाही. ते बाहेर पडले आणि १८५९ साली त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. पुढे ती बुडाली. मग थोडा काळ बडोद्याची दिवाणगिरी, मुंबई महापालिकेचे सभासदत्व, मुंबई कायदे कौन्सिल, आणि १८८६ साली कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद. एकूण काय, पार्लमेंटच्या दारात उभे राहिले तेव्हा ते साठी ओलांडलेले, एकदा दिवाळे पाहिलेले आणि आकडेमोडीत मुरलेले गृहस्थ होते.

पहिला प्रयत्न १८८६ साली लंडनच्या होबर्न मतदारसंघात झाला आणि फसला. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी एडिंबरोच्या भाषणात त्या निवडणुकीचा उल्लेख केला. इंग्रज मतदार एका काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेले आहेत असे आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. गंमत अशी, की दादाभाई चांगलेच गोरे होते. विरोधी पक्षाच्या लोकांनी पंतप्रधानांच्याच वर्णावर विनोद केले. पण या एका वाक्याने जे झाले ते लाखो पत्रकांनी झाले नसते. दादाभाईंचे नाव घराघरांत पोचले.

त्याच वर्षी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल मंडळींनी त्यांना उमेदवार निवडले होते. क्लार्कनवेलचा हा भाग घड्याळे करणाऱ्या आणि जडजवाहिराचे काम करणाऱ्या कारागिरांचा. स्वपक्षातच भांडणे झाली, प्रतिस्पर्धी उमेदवार पुढे आले. चार वर्षे हे चालले. अखेर जुलै १८९२ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार कॅप्टन पेंटन यांच्यावर दादाभाईंनी विजय मिळवला, अवघ्या पाच मतांनी! इंग्रजांना 'नौरोजी' म्हणता येईना. त्यांनी त्याचे 'नॅरो-मेजॉरिटी', म्हणजे 'काठावरचे बहुमत', असे केले.

पैसा आला कोठून?

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. त्या काळी ब्रिटिश खासदाराला पगार नव्हता. तो १९११ साली सुरू झाला, वर्षाला ४०० पौंड. त्याआधी खासदार व्हायचे म्हणजे स्वतःच्या खर्चाने लंडनमध्ये राहायचे, स्वतःच्या खर्चाने टपाल पाठवायचे. इतकेच काय, मतदान घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा खर्चसुद्धा उमेदवारांनी वाटून भरायचा, ही रीत १९१८ पर्यंत होती. १८८३ च्या कायद्याने प्रचाराच्या खर्चाला मर्यादा घातली होती खरी. पण निवडणूक नसतानाचा खर्च, म्हणजे कचेरीचे भाडे, मतदारयाद्यांची कामे, स्थानिक क्लबांच्या वर्गण्या, त्या मर्यादेत येत नसे. दादाभाईंना हे चार वर्षे करावे लागले.

तुलनेसाठी सांगतो. आपल्या या नेदरलँड्समध्ये १८४८ च्या घटनेपासून कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे ट्वेडे कामरच्या, सभासदाला वर्षाला २००० गिल्डर मिळत. रक्कम बेताचीच, पण तत्त्व मोठे. इंग्लंडमध्ये ते तत्त्व मान्य व्हायला आणखी त्रेसष्ट वर्षे लागली. तोवर पार्लमेंट हे जमीनदार, गिरणीवाले आणि निवृत्त अधिकारी यांचेच घर राहिले.

मग दादाभाईंनी काय केले? पहिली गोष्ट म्हणजे स्वतःची शिल्लक ओतली. दुसरी, मुंबईच्या मित्रांनी आणि पारशी व्यापाऱ्यांनी हातभार लावला. आणि तिसरी, जी आपण फारशी बोलत नाही, ती म्हणजे हिंदी संस्थानिकांनी पैसा दिला. त्यात गोंडलचे ठाकूर भगवतसिंहजी होते आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडही होते. सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक गेलेले. म्हणजे क्लार्कनवेलच्या घड्याळजींच्या खासदारामागे थोडे मराठी पाठबळही उभे होते, असे म्हणायला हरकत नाही.

काँग्रेसचा पैसा वेगळा. लंडनमध्ये तिची ब्रिटिश कमिटी १८८९ साली स्थापन झाली. तिच्यासाठी त्याच वर्षीच्या मुंबई अधिवेशनात ४५,००० रुपये मंजूर झाले. हा पैसा प्रचारपत्रे, सभा आणि 'इंडिया' नावाचे नियतकालिक यांच्यासाठी होता. हिंदुस्थानात वर्गणी गोळा करायची आणि लंडनमध्ये खर्च करायची, हा प्रकार तेव्हाही पुष्कळांना डाचत असे.

आता कोणी म्हणेल, की राजांच्या पैशावर निवडून आलेला माणूस लोकांचा प्रतिनिधी कसा? शंका रास्त आहे. तिचे उत्तर सद्भावनेने देता येणार नाही. ते पार्लमेंटच्या दप्तरातच शोधले पाहिजे.

कोणाच्या बाजूने हात वर केला?

दादाभाई पार्लमेंटात तीनच वर्षे होते, १८९२ ते १८९५. एवढ्या थोड्या काळातल्या चार गोष्टी नोंदवतो.

पहिली, आयर्लंड. ग्लॅडस्टन यांच्या होमरूल विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १८९३ च्या एप्रिलमध्ये ते दुसऱ्या वाचनात ३४७ विरुद्ध ३०४ मतांनी संमत झाले. पुढे लॉर्ड्सच्या सभागृहाने ते फेटाळले. फिन्सबरीच्या घड्याळजींना आयर्लंडचे काय, असे विचारता येईल. पण पक्षाच्या जाहीरनाम्यात ते होते आणि दादाभाईंच्या मनातही होते. एका पारतंत्र्यातल्या देशाने दुसऱ्याला मत दिले.

दुसरी, सनदी नोकरीच्या परीक्षा. या परीक्षा फक्त लंडनमध्ये होत, त्यामुळे हिंदी मुलाला समुद्र ओलांडून, घरदार गहाण टाकून यावे लागे. २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल यांनी ठराव मांडला, की परीक्षा हिंदुस्थानात आणि इंग्लंडात एकाच वेळी व्हाव्यात. दादाभाईंनी अनुमोदन दिले. सभागृह अर्धे रिकामे होते. मतमोजणी झाली, ८४ विरुद्ध ७६. ठराव संमत! सरकारच्या मनाविरुद्ध झालेला हा विजय होता. पण सरकारने तो अमलात आणला नाही. हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांचे मत मागवले, ते प्रतिकूल आले आणि कागद फडताळात गेला. संसदेत मत जिंकणे आणि गोष्ट घडवून आणणे यांत किती अंतर असते, याचा हा धडा आजही जुना झालेला नाही.

तिसरी, हिंदुस्थानचा जमाखर्च. अंदाजपत्रकाच्या चर्चेत ते उठत आणि तेच तेच सांगत. हिंदुस्थानच्या माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला वीस रुपये आहे. त्यातून इंग्लंडमधल्या पेन्शनी, फौजेचे खर्च, कर्जावरचे व्याज जाते आणि परत काही येत नाही. ऐकणारे कंटाळत. पण १८९५ साली सरकारला या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमावे लागले. त्यावर दादाभाई सभासद होते, अशा कमिशनवरचे पहिले हिंदी. १८९७ मध्ये या कमिशनपुढे साक्ष द्यायला पुण्याहून तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले आले आणि मुंबईहून दिनशा वाच्छा. १९०० च्या अहवालात दादाभाईंनी वेडरबर्न आणि केन यांच्यासह वेगळे मत नोंदवले.

चौथी, स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा पाठिंबा होता. मुलींच्या शाळेत फुकट शिकवणाऱ्या तरुण मास्तरांशी हे सुसंगतच होते.

आता या यादीकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहा. परीक्षांच्या ठरावाचा फायदा कोणाला? मध्यमवर्गीय, बिनसंस्थानी मुलांना. जमाखर्चाच्या चौकशीचा फायदा कोणाला? कर भरणाऱ्या रयतेला. दादाभाईंनी ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त दम खर्च केला, त्यांच्यापाशी द्यायला ना पैसा होता ना मत. माझ्या मते, देणगी घेणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. पैसा कोणाचा आला एवढ्याने ती संपत नाही.

मात्र याची किंमत होती. फिन्सबरीच्या मतदाराला वाटू लागले, की आपला खासदार आपल्यापेक्षा हिंदुस्थानचाच जास्त आहे. १८९५ च्या निवडणुकीत देशभर लिबरलांची धूळधाण झाली, तीत दादाभाईही पडले. या वेळी फरक पाचाचा नव्हता, आठशेच्या वर होता. १९०६ साली, ऐंशीव्या वर्षी, ते उत्तर लँबेथमधून पुन्हा उभे राहिले आणि ७३३ मते मिळवून पराभूत झाले.

ॲमस्टरडॅममधला दिवस

या दोन पराभवांच्या मधल्या काळात ते आपल्या गावी, म्हणजे ॲमस्टरडॅमला, आले. १४ ते २० ऑगस्ट १९०४ या काळात कॉन्सर्टखेबाऊमध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. रशिया आणि जपान यांचे युद्ध चालू असताना रशियाचे प्लेखानॉव्ह आणि जपानचे कातायामा यांनी भर सभेत हस्तांदोलन केले, ते इथेच. दादाभाई समाजवादी नव्हते. काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीच्या वतीने ते आले होते. अध्यक्षस्थानी डच खासदार हेन्री व्हान कोल होते. त्यांनी प्रतिनिधींना विनंती केली, की हिंदुस्थानच्या या वृद्ध प्रतिनिधीचे स्वागत उभे राहून करावे. सारी सभा उभी राहिली. दादाभाईंनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि स्वराज्याची मागणी केली. ब्रिटिश राज्यकारभाराचा निषेध करणारा ठराव परिषदेने संमत केला.

डच श्रोत्यांना हा हिशेब नवा नव्हता. इंग्रज सरकार ज्याला 'होम चार्जेस' असे सोज्ज्वळ नाव देई, ते डच सरकार आपल्या अंदाजपत्रकात सरळ 'शिल्लक' म्हणून छापत असे. १८३१ ते १८७७ या काळात जावा आणि इतर बेटांतून सुमारे ८२ कोटी ३० लाख गिल्डर या देशाच्या तिजोरीत आले. शेतकऱ्यांना सक्तीने ऊस, कॉफी, नीळ लावायला लावून मिळवलेला हा पैसा. त्यातून कर्जे फिटली आणि आगगाडीचे रूळही पडले. आज आपण उट्रेख्टला जाताना डब्यात आरामात बसतो, तेव्हा हे आठवणे वाईट नाही. १८९९ साली व्हान डेव्हेंटर या वकिलाने 'अब्रूचे कर्ज' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून, हा पैसा जावाला परत द्या अशी मागणी केली. १९०५ मध्ये तेही ट्वेडे कामरमध्ये गेले. दादाभाईंनी जी गोष्ट इंग्लंडमध्ये आयुष्यभर सिद्ध करत बसावी लागली, ती इथे सरकारी कागदावरच छापलेली होती.

अध्यक्ष व्हान कोल यांची कहाणी तर आपल्या प्रश्नाला आणखी पीळ देते. जन्म आइंडहोव्हनचा, १८५२ चा. पेशाने इंजिनियर, जावात पाटबंधाऱ्यांची कामे केलेले. १८९४ मध्ये समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्या बारा जणांपैकी एक. १८९७ पासून एन्स्खेडे या कापडगिरण्यांच्या गावाचे खासदार. वसाहतींतल्या अन्यायावर ट्वेडे कामरमध्ये त्यांच्याइतके कोणी बोलत नसे. आणि याच व्हान कोल यांचा जावात कॉफीचा मळा होता! त्याच्या उत्पन्नातून ते चळवळीला मदत करीत. म्हणजे जावाच्या मजुरांच्या घामातून आलेल्या पैशाने जावाच्या मजुरांची बाजू मांडणारा पक्ष उभा राहत होता.

तीन वर्षांनी, १९०७ साली, याच परिषदेचे पुढचे अधिवेशन श्टुटगार्टला भरले. मुंबईच्याच मादाम कामांनी तिथे हिंदुस्थानचा झेंडा फडकवला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच अधिवेशनात वसाहतींवर मतदान झाले. समाजवादी राज्यातही वसाहती असू शकतात, असे म्हणणाऱ्यांचे पुढारी होते व्हान कोल. १२७ विरुद्ध १०८ मतांनी त्यांचा पराभव झाला.

कॉफीच्या मळ्याने त्यांचे मत विकत घेतले, असे मी म्हणणार नाही. तो आरोप अन्यायाचा होईल. आपल्या मताने ते प्रामाणिक होते. पण वर्षानुवर्षे ज्या झाडाची फळे आपण खातो, ते झाड मुळासकट उपटा असे म्हणणे माणसाला जड जाते, एवढे खरे.

आजच्या कायद्याने

१९१७ च्या ३० जूनला दादाभाई मुंबईत वारले. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये घटना बदलली, सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले आणि एकेका गावाचा एकेक खासदार ही पद्धत संपली. आज इथला खासदार पक्षाच्या यादीतून येतो आणि बहुधा पक्षाबरोबर हात वर करतो. पैशाचे नियम मात्र बराच काळ ढिले होते. ते २०१३ च्या कायद्याने आवळले गेले. १ जानेवारी २०२३ पासून एका देणगीदाराला एका पक्षाला वर्षात एक लाख युरोपेक्षा जास्त देता येत नाही आणि परदेशातून देणगी घेता येत नाही. अपवाद फक्त परदेशी राहणाऱ्या डच मतदारांचा. इंग्लंडमध्ये आणि भारतातही परकीय देणग्यांना बंदी आहे.

हे वाचले तेव्हा मी थबकलो. या नियमाने बडोद्याचा आणि गोंडलचा पैसा परत पाठवावा लागला असता! नियम योग्यच आहे. मी स्वतः त्याच्या बाजूने मत देईन. बाहेरच्या पैशाने घरातले निर्णय फिरू नयेत. पण १८९२ साली दादाभाईंचे म्हणणे नेमके हेच होते, की हिंदुस्थान तुम्हाला बाहेरचा वाटतो, तर त्याच्या कराचा पैसा तुमच्या घरात कसा चालतो?

आपल्यापैकी बरेच जण इथे कर भरतात आणि भारतीय पासपोर्ट बाळगून आहेत. पाच वर्षांनंतर आपल्याला नगरपालिकेला मत देता येते. १९८६ च्या निवडणुकीपासून ही सोय आहे. ट्वेडे कामरला मात्र मत नाही. मी स्वतः पासपोर्ट बदललेला नाही, आणि दर निवडणुकीला शेजारी मतदानाला निघाले की खिडकीतून त्यांना हात करतो. ही तक्रार नाही, ती निवड माझी आहे. पण मत नसलेल्या माणसाच्या बाजूने कोणीतरी बोलावे लागते, हे त्या क्षणी जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

असो. येत्या वार्षिक सभेत देणग्यांचा विषय पुन्हा निघणार आहे. माझी सूचना साधी आहे. देणगी कोणाकडून, किती, आणि त्याबदल्यात काय मागितले, हे तिन्ही रकाने वहीत असावेत आणि वही सभागृहाच्या दाराशी टेबलावर उघडी असावी. गणिताच्या त्या जुन्या प्राध्यापकाला हे पसंत पडले असते, असे मला वाटते.